पाकिटाची पट्टी जपा: परत मागवलेला माल घरात कसा ओळखायचा

संगमनेरला आमचं किराणा दुकान आहे. सासऱ्यांनी काढलेलं. गेली सव्वीस वर्षं गल्ल्यावर मी बसते. जानेवारी २०२५ मध्ये पतंजलीने लाल तिखटाची एक बॅच बाजारातून परत मागवली. कीटकनाशकाचा अंश ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला होता, म्हणून केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसा आदेश दिला होता. माल ४ टन, पाकिटं २०० ग्रॅमची. म्हणजे २०,००० पाकिटं. बातमी आली त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाच-सहा जणी दुकानात येऊन विचारून गेल्या, "वहिनी, आमचं तिखट त्यातलं तर नाही ना?" मी प्रत्येकीला एकच विचारलं, "पाकीट आहे का घरी?" एकीकडेही नव्हतं. तिखट मिसळणाच्या डब्यात आणि पाकीट घंटागाडीत.

त्यांना मी बोल लावत नाही. आपल्याकडे सामान भरायची रीतच ती आहे. महिन्याचं वाणसामान आलं की डबे घासायचे, उन्हात वाळवायचे, डाळी, पिठं, मसाले ओतायचे आणि पिशव्या टाकून द्यायच्या. माझी आई तेच करायची, सासूबाईही तेच. पण कंपनी माल परत मागवते तेव्हा तो बॅच नंबरावर मागवते, आणि तो नंबर पाकिटावर असतो, डब्यावर नाही. पाकीट गेलं की आपल्या डब्यातलं तिखट त्या २०,००० पाकिटांतलं आहे की नाही हे मीही सांगू शकत नाही, कंपनीही नाही आणि सरकारी अधिकारीही नाही.

म्हणून बाकी सगळं नंतर, आधी पट्टीचं सांगते.

पट्टी कशी कापायची

पाकीट फोडायच्या आधी ते उलटं करून बघा. मागच्या बाजूला "बॅच नं." किंवा "लॉट नं." असं छापलेलं असतं. बऱ्याचदा त्यापुढे नंबर नसतोच, "सीलजवळ पाहा" किंवा "पाकिटाच्या वर पाहा" एवढंच असतं. खरा नंबर काळ्या ठिपक्याठिपक्यांच्या शाईत शिवणीजवळ मारलेला असतो. बॅच, पॅकिंगची तारीख, कधीपर्यंत वापरायचं ती तारीख आणि किंमत, सगळं तिथे दाटीवाटीने. तेलाच्या पिशवीचं तर विचारू नका. नंबर वरच्या शिवणीला असतो आणि आपण कात्री नेमकी तिथेच लावतो. कापलेला कोपरा सिंकमध्ये, नंबर त्याच्याबरोबर. तेव्हा आधी नंबर कुठे आहे ते शोधा आणि दुसऱ्या बाजूने कापा.

मग तेवढा भाग पट्टीसारखा कापून घ्या. पट्टीवर मालाचं नाव, वजन, बॅच नंबर, दोन्ही तारखा आणि अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर यायला हवा. एका तुकड्यात येत नसेल तर दोन तुकडे कापून स्टेपल करा. ही पट्टी डब्याच्या आत टाकू नका. पाकीट गोदामातून, टेम्पोतून, माझ्या फळीवरून फिरून आलेलं असतं, त्याची बाहेरची बाजू पिठात कशाला? डब्याच्या बुडाला चिकटपट्टीने लावा, नाहीतर एका बरणीत सगळ्या पट्ट्या एकत्र ठेवा. तेलकट हाताने ती शाई पुसली जाते, हे मी अनेकदा पाहिलंय. फोन हाताशी असेल तर फोटो काढून ठेवणं उत्तम.

आणि जुन्यावर नवं ओतू नका. हे मी कळवळून सांगते. डब्यात वाटीभर बेसन उरलंय आणि वरून नवीन पाकीट ओतलं, की दोन बॅचा एक झाल्या. उरलेलं आधी संपवा, नाहीतर वेगळ्या डब्यात काढा, मग नवीन भरा. आळी-जाळी धरत नाही हा वरचा फायदा. हे मला कुणी शिकवलं ते पुढे भगरीच्या गोष्टीत येईल.

परवान्याच्या नंबराचंही थोडं. पहिला आकडा १ असेल तर परवाना, २ असेल तर लहान व्यावसायिकाची नोंदणी. पुढचे दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे १५. म्हणजे ११५ ने सुरू होणारा नंबर महाराष्ट्रातून दिलेला परवाना, २१५ म्हणजे महाराष्ट्रातली नोंदणी, आणि १०० ने सुरू होणारा थेट केंद्राचा परवाना. प्राधिकरणाच्या फॉसकॉस या संकेतस्थळावर तो नंबर टाकला की परवाना कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. पापड, मसाले, घरगुती पिठं घेताना हे जरूर करून बघा. पण एक ध्यानात ठेवा, हा नंबर माल कुणाचा आहे ते सांगतो. माल चांगला आहे याची ती पावती नाही. चौदा आकडे बघून निर्धास्त होणारे पुष्कळ लोक मला भेटतात.

बिलही ठेवा. १ जानेवारी २०२२ पासून दुकानदाराने बिलावर आपला परवाना नंबर छापायचा असतो. फोनवरून सामान मागवणाऱ्यांचं बिल मेलवर असतंच, ते पुसू नका एवढंच.

माल परत बोलावतात म्हणजे काय होतं

आमच्या धंद्यात "रिकॉल" असं कुणी म्हणत नाही. एजन्सीचा माणूस सकाळी फोन करतो, "वहिनी, अमुक बॅच बाजूला काढून ठेवा, गाडी आली की उचलतो." बॅच उचलली, असंच आम्ही म्हणतो. ही रोजची मुदत संपलेल्या मालाची परतफेड नव्हे. ती दर पंधरवड्याला चालूच असते आणि तिच्यात घाबरण्यासारखं काही नसतं. अन्न व औषध प्रशासनाचे अधिकारी येऊन साठा जप्त करतात तेही वेगळं. तो एका जागेवरचा माल असतो. परत बोलावणं म्हणजे कंपनीने दुकानांतून, होलसेलवाल्यांकडून आणि शक्य असेल तर तुमच्या स्वयंपाकघरातूनही माल परत घ्यायचा.

अन्नसुरक्षा कायदा २००६ चा आहे. त्याच्या कलम २८ मध्ये लिहिलंय की आपला माल नियमात बसत नाही असं कंपनीला वाटण्याजोगं कारण असेल, तर तिने स्वतःहून तो ताबडतोब बाजारातून काढायचा, कारण सांगायचं आणि अधिकाऱ्यांना कळवायचं. सरकारच्या नोटिशीची वाट बघत बसायचं नाही. हे कसं करायचं याचे वेगळे नियम २०१७ मध्ये आले. त्यात उत्पादक, आयातदार आणि घाऊक पुरवठादार यांना माल परत घेण्याची लेखी योजना आधीच तयार ठेवावी लागते. माझ्यासारख्या निव्वळ किरकोळ दुकानदाराला ती योजना ठेवायची सक्ती नाही. पण सांगितलेला माल फळीवरून काढून परत देणं माझ्यावर बंधनकारक आहे.

एका बॅचमधली दोन-चार पाकिटं तपासून सगळी बॅच का उचलतात, असं गिऱ्हाइकं विचारतात. कायद्याचं म्हणणं असं, की बॅचमधला माल असुरक्षित निघाला तर उलट सिद्ध होईपर्यंत सगळी बॅचच तशी धरायची. मला हे पटतं. एकाच घाण्यात, एकाच दिवशी, एकाच मिरचीतून दळलेलं तिखट एका पाकिटात वाईट आणि शेजारच्यात चांगलं असं क्वचितच असेल. याची दुसरी बाजूही आहे, आणि ती लोक विसरतात. नंबर जुळत नसेल, तर त्याच कंपनीचा तुमच्याकडचा माल फेकायचं कारण नाही.

मोठा अपवाद मी एकदाच पाहिला, २०१५ ची मॅगी. उत्तर प्रदेशात बाराबंकीला घेतलेल्या नमुन्यात शिसं १७.२ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १७.२ भाग, सांगितलं गेलं, मर्यादा होती २.५. ५ जून २०१५ ला प्राधिकरणाने नऊच्या नऊ प्रकार परत घ्यायला लावले. बॅच-बिच काही नाही, सगळंच. आम्ही दोन दिवस खोकी मोजत होतो. फळीवरची, माळ्यावरची, शाळेसमोरच्या टपरीवाल्याला उधार दिलेली त्याच्याकडून मागून आणली. देशभरातून गोळा झालेला माल पुढे सिमेंटच्या भट्ट्यांत जाळला. आणि १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. कंपनीला बाजू मांडू दिली नाही आणि ज्या प्रयोगशाळांत तपासणी झाली त्या मान्यताप्राप्त नव्हत्या, असं न्यायालयाचं म्हणणं पडलं. मोहाली, जयपूर आणि हैदराबाद इथल्या तीन प्रयोगशाळांत नव्याने तपासणी झाली, शिसं मर्यादेत निघालं आणि नोव्हेंबरमध्ये मॅगी परत फळीवर आली. त्या पाच महिन्यांत मी एक शिकले. पहिली बातमी हा शेवटचा निकाल नसतो. पण निकाल लागेपर्यंत मुलांना ते खायला न देणं हेच शहाणपण होतं, आणि आजही मी गिऱ्हाइकाला तेच सांगेन.

एप्रिल २०२४ मध्ये हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने एमडीएचचे तीन आणि एव्हरेस्टचा एक फिश करी मसाला यांत इथिलीन ऑक्साइड सापडल्याचं सांगितलं, मग सिंगापूरने एव्हरेस्टचा तो मसाला परत घ्यायला लावला. दोन्ही कंपन्यांनी आपली उत्पादनं सुरक्षित असल्याचं म्हटलं. इथिलीन ऑक्साइड हा वायू आहे, जंतू मारायला वापरतात, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने तो माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत धरलेला आहे. तेव्हा आमच्याकडे लोक हळद आणि हिंगसुद्धा परत करायला आले. बातमीत चार मसाल्यांची नावं होती. ती वाचली असती तर हळद टाकायची वेळ आली नसती.

भगरीची गोष्ट

आता माझी स्वतःची. दहा-बारा वर्षांपूर्वीचं नवरात्र. आमच्याकडे भगर सुटी विकायचो. भगरीच्या गिरण्या नाशिककडे पुष्कळ, माल तिथूनच यायचा. दुकानात पत्र्याची मोठी कोठी होती. कट्टा आला की कोठीत ओतायचा, मापाने काढून पुड्यात बांधायचा. त्या वर्षी घटाच्या आधी दोन कट्टे घेतले. एक नेहमीच्या एजन्सीकडून पक्क्या बिलावर. दुसरा मागणी वाढली म्हणून ओळखीच्या एका व्यापाऱ्याकडून, बिल नाही, नुसती चिठ्ठी. पावसाळा लांबला होता. दुसऱ्या कट्ट्याच्या तळाशी सुतळी ओलसर लागली होती, हे मला आजही आठवतं. बोटाला गार लागली. मी कट्टा कोठीत रिकामा केला.

तिसऱ्या माळेला रात्री दहाला आमच्या गल्लीतल्या काकूंचा मुलगा आला. काकूंना उलट्या, चक्कर, हातपाय थरथरतायत. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आणखी दोन घरांतून तेच. तिघींनी दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी खाल्ली होती. तिघींनी भगर माझ्याकडून नेली होती. सलाईन लावावी लागली, दोन दिवसांत सगळ्या घरी आल्या. काकू सत्तरीच्या होत्या. काही कमी-जास्त झालं असतं तर, हा विचार आजही पाठ सोडत नाही.

अन्नसुरक्षा अधिकारी आले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "ही भगर कोणत्या कट्ट्यातली?" मला सांगता येईना. दोन्ही कोठीत एक झाले होते. कट्टे कुठे आहेत, म्हणाले. एक आम्ही पायपुसणं म्हणून मोरीजवळ टाकला होता, दुसरा रद्दीवाल्याला गेला होता. त्यामुळे त्याच व्यापाऱ्याचा माल आणखी किती दुकानांत गेला, कोणत्या गावात कोण खातंय, हे शोधायची वाट माझ्यापाशी येऊन बंद झाली. कायद्याच्या कलम २७ मध्ये हे स्पष्ट आहे. माल कुणाकडून आला ते सांगता येत नसेल तर जबाबदारी विकणाऱ्याची. नोटीस आली, दंड भरला, कोठी भंगारात दिली. तेव्हापासून आमच्याकडे भगर पॅकबंदच येते, बिलावरच येते, आणि प्रत्येक बिलाला मी पाकिटाची एक पट्टी टाचून ठेवते.

भगरीला वाईट म्हणत नाही मी, उपासाला तिच्याइतकं हलकं काही नाही. पण ती ओलावा फार लवकर धरते आणि तिच्यावर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी येते. तिच्यातून फ्युमिगाक्लेविनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात. शिजवल्यावर जंतू मरतात तसं हे विष जाईल, असं धरून चालू नका. फेब्रुवारी २०२४ मध्ये बुलडाणा जिल्ह्यात लोणार तालुक्यातल्या एका गावी सप्ताहाच्या प्रसादात भगर-आमटी होती. शेकडो लोकांना बाधा झाली आणि दवाखान्यात जागा पुरेना म्हणून बाहेर झाडांना दोर बांधून सलाईनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ते फोटो बघून मी त्या रात्री जेवले नाही.

तेव्हा भगर घेताना एवढं करा. पॅकबंद घ्या, बॅच नंबर आणि पॅकिंगची तारीख बघून घ्या. वर्षाची साठवू नका, लागेल तेवढीच आणा. भगरीचं तयार पीठ सुटं घेऊ नका. पीठ झाल्यावर दाणा काळवंडलेला होता की नाही हे कुणालाच दिसत नाही. हवं असेल तर घरी निवडून, धुऊन, कडक उन्हात वाळवून त्या दिवसापुरतं दळा. पाकीट फोडल्यावर आधी वास घ्या. कुबट, जुन्या गोणपाटासारखा वास आला किंवा दाणे मुठीत धरल्यावर सुटे न होता गोळा राहिला, तर धुऊन-भाजून वाचवायचा प्रयत्न करू नका. शिजवलेली भगर सकाळची संध्याकाळी नको. शिंगाड्याच्या पिठालाही हेच सगळं लागू.

बातमी आली की घरी काय करायचं

शांतपणे पट्टी काढा. चार गोष्टी बघायच्या: मालाचं नाव, वजन, बॅच नंबर, तारीख. चारही जुळल्या तरच तो माल. नावात एका शब्दाचा फरक असतो, वजन वेगळं असतं, आणि तेवढ्याने बॅच वेगळी होते.

फोनवर फिरत आलेल्या निरोपात बॅच नंबर नसेल, तारीख नसेल, आदेश कुणी दिला ते नसेल, तर तो पुढे पाठवू नका. आधी प्राधिकरणाच्या किंवा कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. रेशनच्या "प्लास्टिकच्या तांदळा"चं असंच झालं. आमच्याकडे खेड्यातून आलेल्या बायका मूठभर वेगळे दाणे रुमालात बांधून आणायच्या, पाण्यावर तरंगतात म्हणायच्या. ते पोषक तांदळाचे दाणे असतात. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ मिसळून दाण्याचा आकार दिलेला असतो आणि साधारण शंभराला एक या प्रमाणात ते मिसळतात. पोत्यावर इंग्रजी एफ आणि अधिकचं चिन्ह असतं. कितीतरी घरांनी चांगले दाणे निवडून फेकले.

माल जुळला तर चव घेऊन बघू नका. डबा तसाच बंद करून त्यावर चिठ्ठी लावा, घरातल्या सगळ्यांना सांगा, नाहीतर संध्याकाळी सून किंवा मुलगा त्यातलंच घेईल. कामवाल्या मावशींना देऊ नका आणि गाईला घालू नका. आपल्याला न चालणारं त्यांच्या पोटात का जावं? पट्टी आणि उरलेला माल घेऊन दुकानात या. तिखटाच्या वेळी कंपनीने पूर्ण पैसे परत द्यायचं जाहीर केलं होतं. दुकानदार टाळाटाळ करत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. दुकानदार म्हणून सांगते, पैसे परत मागायला संकोचू नका. आम्हाला ते वरून मिळतात.

खाऊन झालं असेल तर? इथे कारण वाचणं महत्त्वाचं. शिसं किंवा कीटकनाशक मर्यादेपेक्षा जास्त, अशी बातमी असेल तर धोका बहुधा दीर्घकाळ खात राहण्याचा असतो. आजच थांबवा, एका भाजीने घाबरून जाऊ नका. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर मात्र डॉक्टरांना विचारा, शिसं लहान मुलांच्या मेंदूला फार बाधतं. जंतू किंवा बुरशी असं कारण असेल तर दोन दिवस लक्ष ठेवा. उलट्या, जुलाब, चक्कर, थरथर सुरू झाली तर थांबू नका, आणि दवाखान्यात जाताना पट्टी बरोबर न्या. आणि "पाकिटावर न लिहिलेला घटक निघाला" असं कारण असेल, म्हणजे शेंगदाणा, दूध, सोयाबीन वगैरे, तर ज्याला त्याची अ‍ॅलर्जी आहे त्याच्यासाठी एक घासही जिवावर बेतू शकतो. बाकीच्यांना काही होत नाही.

तुम्हालाच काही आढळलं तर

बातमी कुठून तरी सुरू होते. पुष्कळदा ती एखाद्या घरातून सुरू होते, म्हणून गप्प बसू नका. पाकिटात बुरशी, काच, खिळा, विचित्र वास, किंवा खाऊन घरात दोघा-तिघांना एकदम त्रास झाला तर उरलेलं फेकू नका. स्वच्छ कोरड्या डब्यात झाकून ठेवा, नासणारं असेल तर फ्रीजमध्ये. पाकीट, बिल, फोटो आणि डॉक्टरांची चिठ्ठी जपा. कोणी काय खाल्लं, किती वाजता, त्रास कधी सुरू झाला हे त्याच दिवशी कागदावर लिहा. चार दिवसांनी आठवत नाही.

महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा टोल फ्री नंबर १८००२२२३६५, केंद्राच्या प्राधिकरणाचा १८००११२१००. जिल्ह्याच्या कार्यालयात सहायक आयुक्तांच्या नावे लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली तर आणखी बरं. अधिकारी बहुतेक तुमचा फोडलेला पुडा घेऊन थांबत नाहीत. दुकानातून त्याच बॅचचा बंद माल घेतात आणि नमुन्याचे चार भाग करतात. एक अन्न विश्लेषकाकडे, म्हणजे प्रयोगशाळेत नमुना तपासणाऱ्या तज्ज्ञाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे, म्हणजे त्या भागातल्या अन्नसुरक्षेच्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात, चौथा दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडे जातो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. इथेच पुन्हा पट्टीचं काम. तुमच्या हातात बॅच नंबर नसेल तर अधिकारी दुकानातून कोणतं पाकीट उचलणार?

तुम्ही स्वतःही तपासून घेऊ शकता. कलम ४० प्रमाणे साध्या गिऱ्हाइकालाही फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते. मात्र विकत घेतानाच दुकानदाराला तसं सांगावं लागतं. माल नापास निघाला तर फी परत मिळते. हा हक्क वापरणारं एकही गिऱ्हाईक मला सव्वीस वर्षांत भेटलेलं नाही, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. नुकसानभरपाईची तरतूदही कायद्यात आहे, मृत्यू झाल्यास किमान ५ लाख.

परदेशात असणाऱ्यांसाठी दोन शब्द. माझी भाची न्यू जर्सीला असते, तिच्याशी याच विषयावर दर महिन्याला बोलणं होतं. तिकडे २०२३ च्या शरदात लहान मुलांच्या दालचिनी घातलेल्या सफरचंदाच्या पल्पमध्ये शिसं निघालं. नॉर्थ कॅरोलिनात मुलांच्या रक्तात शिसं वाढलेलं दिसलं आणि तिथून माग काढत ते पाकिटापर्यंत पोचले. मग मार्च २०२४ मध्ये तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने दालचिनी पुडीच्या काही ब्रँडची यादीच काढली आणि पुढे वाढवत नेली. भाची आता दालचिनी अख्खी घेते आणि घरी कुटते. तिकडे परत मागवलेल्या मालाच्या तीन श्रेणी असतात, पहिली सगळ्यात गंभीर. मांस-कोंबडीच्या सूचना कृषी खात्याकडून येतात, बाकीच्या अन्न व औषध प्रशासनाकडून, दोन्हीकडे मेल नोंदवून ठेवावा लागतो. इथून नेलेल्या मसाल्याच्या पुड्या मात्र त्यांच्या कोणत्याच यादीत येणार नाहीत. म्हणून मी तिला मेतकूट, काळा मसाला देते तेव्हा पिशवीवर दळल्याची तारीख आणि मिरची कुठून घेतली ते पेनाने लिहून देते.

तिखटाच्या त्या बातमीनंतर तीनेक महिन्यांनी आमच्या काकूंची सून दुकानात आली. हातात कॉफीची रिकामी बरणी, आत वीसेक पट्ट्या, प्रत्येकीवर डबा रिकामा झाल्याची तारीख. तिला कुणीतरी हळदीबद्दल काहीतरी पाठवलं होतं. आम्ही दोघींनी गल्ल्यावर पट्ट्या पसरल्या, निरोपात बॅच शोधली, ती नव्हतीच. प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर बघितलं, तिथेही तसं काही नव्हतं. तिने पट्ट्या परत बरणीत भरल्या, दोन किलो साखर आणि पाव किलो भगरीचं पाकीट घेतलं, आणि पाकिटाची शिवण उलटसुलट करून बघतच ती पायरी उतरली.